भावोजींची घंटा

नाही, पण मी म्हणतो, माणसानं घाबरायचं म्हणजे तरी किती घाबरायचं? एखादं संकट येतं, दणका देतं, निघून जातं, आपण हुश्श करतो, चहा टाकतो, मोकळे होतो. पण जे येतच नाही, नुसतं ‘येतो, येतो’ म्हणत दारात उभं राहतं, त्याचं काय करायचं हो? आमच्या ताईच्या घरी ते इतकी वर्षं दारात उभं आहे, की आता त्याला बसायला खुर्ची द्यायची तेवढी राहिलीय! आणि ते आणून उभं केलं कोणी? खुद्द आमच्या भावोजींनी. तीन शब्दांत. "एक दिवस येईल!"

संपलं. पुढे एक अक्षर नाही. कोणता दिवस, कशाचा दिवस, येऊन काय करणार... विचारायची सोय नाही. विचारलं तर ते तुमच्याकडे असं बघतात, असं बघतात, की जणू तो दिवस तुमच्या पाठीमागेच उभा आहे आणि तुम्हाला तेवढा दिसत नाही. मी कितीदा मागे वळून पाहिलंय, तुमच्यापासून काय लपवायचं!

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात शिपाई होते. आता शिपाई म्हटलं की तुम्ही म्हणाल, पाणी देणारे, फळा पुसणारे. ते तर करायचेच, पण घंटा त्यांच्याकडे होती! वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला, शेजारी खिळ्याला हातोडी. तास सुरू व्हायचा तेव्हा तीन सुटे टोले. ठण्ण... ठण्ण... ठण्ण. आणि सुटायचा तेव्हा सलग, दणदण दणदण, खांदा भरून येईपर्यंत. ही सुट्टीची घंटा. प्राचार्य आले नि गेले, भावोजींचे टोले तेच. म्हणायचे, "प्राचार्य नाही आले तर कॉलेज चालतं. मी नाही आलो तर सुरूच होत नाही, आणि झालंच तर सुटत नाही." खोटं नव्हतं हो ते! एक प्राध्यापक होते, बोलायला लागले की थांबणं माहीत नाही, भावोजी नसते तर ते आजही तिथंच बोलत असते आणि पोरं म्हातारी झाली असती.

त्या घंटेला लागून एक वर्ग होता. त्यात खिडकीजवळचा एक बाक. भावोजी रोज सगळे बाक एका फडक्यानं पुसायचे आणि हा एक वेगळ्या फडक्यानं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ही आमच्या पोराची जागा." पोरगं तेव्हा रांगत होतं! त्याला धड बसता येत नव्हतं आणि इकडे जागा धरून ठेवलेली!

तर ते पोरगं म्हणजे माझा भाचा. ताईनं नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते आता ताईलाही आठवावं लागतं, सारं जग त्याला घण्या म्हणतं. का म्हणतं? ऐका तर.

कॉलेजात नाव घालायचा दिवस उजाडला. भावोजींनी पोराला नवा शर्ट घातला, भांग स्वतः पाडला, फाटकाशी आणून उभं केलं आणि म्हणाले, "इथंच थांब. हलू नकोस. मी तेवढी घंटा देऊन आलो." आणि वळले. बस्स, तेवढ्यात घात झाला. समोरच्या गल्लीत एक जुनं घर पाडत होते. हा आपला नुसता बघायला म्हणून गेला. शपथेवर सांगतो, नुसता बघायला! तिथला एक दमलेला बाप्या म्हणाला, "ए, धर रे जरा, पाणी पिऊन येतो," आणि घण ह्याच्या हातात देऊन गेला. आता हातात घण आणि समोर भिंत, माणसानं करायचं काय? ह्यानं घातला. भिंत बसली! आजही सांगतो मला, "मामा, ती भिंत पडली ना, धप्पकन, तेव्हा मला वाटलं कोणीतरी माझं नाव पुकारलं."

इकडे भावोजी फाटकाशी. पोरगा नाही! आधी ह्या बाजूला बघतात, मग त्या बाजूला, कँटीनमध्ये, सायकली लावतात तिथं, आणि त्या शोधाशोधीत... घंटा चुकली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. सगळं कॉलेज वर्गात बसून वाट बघतंय, प्राध्यापक खडू घेऊन उभे, आणि तास काही सुरू होईना! प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "काय, बरं नाही का?" एवढंच विचारलं हो, प्रेमानं. पण भावोजींना ते असं लागलं, असं लागलं...

संध्याकाळी हा घरी आला तो नखशिखान्त पांढरा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. ताईनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" भावोजींनी मात्र ओळखलं. मारलं नाही. ओरडले नाहीत. ओरडले असते तर किती बरं झालं असतं! नुसते उठले, त्याच्या नव्या शर्टावरून एक बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ दिव्याखाली धरून बघितली, आणि अगदी हळू म्हणाले, "डिग्री नाही. बरं. पण बघ तू. एक दिवस येईल."

आणि फटकन दिवे गेले! आता तुम्हाला सांगतो, दिवे तेव्हा रोजच जायचे, ते सोडा. पण नेमके तेव्हा गेले, हे काही सोडता येत नाही.

तिथून सुरू झालं बघा. घण्यानं घण काही सोडला नाही. त्या टोळीबरोबर राबला, हाताला घट्टे पडले, भिंत कुठून पोकळ आहे, तुळई कशावर टेकलीय, हे आधी मार खात आणि मग न खाता शिकला. स्वतःचा घण घेतला, तो घरी आणून बापाच्या पायाशी ठेवला. भावोजींनी घणाकडे पाहिलं. "एक दिवस येईल." त्याच आठवड्यात घणाचा दांडा मोडला. स्वतःची माणसं ठेवली, टोळी झाली. "एक दिवस येईल." टोळीतला एक जण जिन्यावरून घसरला, नुसता पाय मुरगळला, पण ताईनं हाय खाल्ली. मग लग्नाचं निघालं. मुलीचे वडील येऊन बसले.

"मुलगा काय करतो?"

"पाडतो," ताई म्हणाली.

"काय पाडतो?"

"घरं."

गृहस्थ कप तसाच ठेवून उठलेच! पण मुलगी वस्ताद. म्हणाली, "बाबा, बसा खाली. आपलं मागचं गोदाम पाडायला हाच आला होता. आधी आतली पाखरांची घरटी उतरवून झाडावर ठेवली आणि मग घण घातला. मला चालेल." झालं लग्न. भावोजींनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एक दिवस येईल." पाहुणे म्हणाले, वा, काय आशीर्वाद दिला! आम्ही घरचे एकमेकांकडे बघतोय... कोणाच्या घशाखाली घास उतरेल तर शपथ!

आता गंमत बघा. गंमत कसली, भीतीच. बाप रोज सांगतोय एक दिवस येईल, म्हणून घण्याला रोज सकाळी उठल्यावर वाटायचं, आजच! आजच तो दिवस! आणि पाडायच्या कामात तो दिवस कसा येतो हे का सांगायला पाहिजे? कोणीतरी खाली सापडतं. म्हणून ह्यानं स्वतःला एक सवय लावून घेतली. काम सुरू करायच्या आधी सगळी इमारत एकटा फिरायचा. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहायचं, भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकायचं, आणि मोठ्यानं विचारायचं, "कोणी आहे का?" मग थांबायचं. उत्तराची वाट बघायची. रिकाम्या घरात! एकदा आतून "म्याँव" आलं, तर ती मांजर तिची पिल्लं उचलून नेईपर्यंत सगळं काम बंद. बाकीचे पाडकामवाले खिदळायचे, "घण्याला काम द्या, पण आधी मांजरीची परवानगी आणा!" खिदळा म्हणावं. त्यांच्याकडे माणसं जायबंदी होत होती, घण्याच्या हाताखाली कोणाच्या नखाला धक्का लागला नाही. लोकांनी ते बघितलं आणि मोठमोठी कामं ह्याच्याकडे चालत यायला लागली. कोणी विचारलं, "काय हो, शिक्षण कुठे झालं तुमचं?" तर हा म्हणायचा, "घरीच. वडिलांकडे." आणि घाम पुसायचा.

मग मशीन आलं. लांब सोंडेचं, पुढे दातांचा जबडा, उंच मजल्यापर्यंत पोचणारं. त्याचा आवाज असा की शिट्टी ऐकू येईना, हाका ऐकू येईनात, आणि चालवणारा ऑपरेटर कानांवर ते मोठं झाकण लावून आत बसलेला. आता त्याला सुरू कर, बंद कर, हे सांगायचं कसं? घण्यानं काय केलं? ट्रकला रुळाचा एक तुकडा टांगला. तीन सुटे टोले, सुरू. सलग दणदण, बंद. लोखंडाचा आवाज कसा, झाकणाच्या आतही शिरतो. मी विचारलं, "काय रे, हे कुठून सुचलं?" म्हणाला, "असंच सुचलं, मामा." असंच! ज्या आवाजावर हा कॉलेजशेजारच्या घरात उठला, जेवला, वाढला, तो आवाज असंच सुचला! आणि बापाला त्यानं ह्यातलं कधी अवाक्षर सांगितलं नाही, आणि बाप कधी ह्याच्या कामावर फिरकला नाही. एवढं मनात ठेवा हं तुम्ही.

पैसा आला, नाव झालं, पाडणाऱ्यानं स्वतःचं घर बांधलं. भलंमोठं! आईवडिलांना तिथं नेलं. भावोजी तोवर निवृत्त झालेले. उंबरठ्यातच थांबले, नव्या भिंतीला तळहात लावला, कान लावला, आणि... काय म्हणाले ते सांगू का आता? नकोच. त्या रात्री घरातलं कोणी झोपलं नाही एवढं सांगतो.

आणि मग ते कॉलेज आलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजची नवी इमारत झाली. तिथं विजेची घंटा, कर्रर्र करते, दात शिवशिवतात. जुनी ओस पडली, रूळ नि हातोडी तिथंच टांगलेली राहिली. एक बाजू खचली, आत हात जाईल एवढ्या भेगा. इंजिनियर येऊन बघून गेले, म्हणाले, जिन्याच्या बाजूनं झुकलीय, तिकडून सुरुवात करा, आणि लवकर करा, नाहीतर ती तुमची वाट बघणार नाही. आजूबाजूला घरं दाटीवाटीनं. एवढं नाजूक काम घेणार कोण? सगळ्यांनी बोट दाखवलं घण्याकडे.

घण्यानं ते जेवताना सांगितलं. "बाबा... कॉलेजचं काम आपल्याकडे आलंय." सगळ्यांचे हात थांबले. ताईनं डोळे मिटून घेतले. सुनेनं भांडं घट्ट धरलं. आता म्हणणार, आता म्हणणार...

भावोजींनी पाणी मागितलं. प्यायले. उठून गेले.

ताईचा मला फोन. "अरे, हे म्हणालेच नाहीत!"

"काय नाही म्हणाले?"

"ते! ते नाही म्हणाले!"

तुम्हाला सांगतो, मी होतो तिथं खाली बसलो. इतकी वर्षं येईल येईल म्हणणारा माणूस एकाएकी गप्प बसतो, म्हणजे काय समजायचं? म्हणजे तो आला! येणारा माणूस दारात पोचला की आपण ‘येईल’ म्हणतो का? पुढचे सगळे दिवस भावोजी गप्प. नुसते खिडकीशी बसलेले, आणि बोटानं मांडीवर... ठक... ठक... ठक.

कामाचा दिवस. मी तिथं नव्हतो, पण ही गोष्ट आता घरात इतक्यांदा झालीय की भिंतींनाही पाठ असेल. आभाळ राखेच्या रंगाचं, वारा पडलेला, समोरच्या तारेवर एक पाखरू नाही. मशीन मागच्या अंगाला, जिन्याच्या बाजूला उभं. ऑपरेटर आत, इंजिन चालू, कानांवर झाकणं. त्याला एकच ताकीद, घंटा झाली की सुरू, घंटा झाली की बंद, मध्ये डोकं चालवायचं नाही. घण्या नेहमीसारखा एकटा आत शिरला. खालचे वर्ग. ठोकलं. "कोणी आहे का?" थांबला. काही नाही. जिन्यावरून वर. पायाखाली पायरी कुरकुरतेय, छतातून बारीक धूळ गळतेय, पिठासारखी. एक वर्ग. "कोणी आहे का?" काही नाही. दुसरा. काही नाही. मग तो शेवटचा, घंटेला लागून असलेला. दार ओढून घेतलेलं.  ठोकलं. "कोणी... आहे का?"

"हजर!"

घण्या म्हणतो, "मामा, माझं काळीज तिथंच गळून पडलं, मी अजून शोधतोय!"

दार ढकललं. आत भावोजी. जुना गणवेश, पितळी बटणं चकचकीत, बाजूला जेवणाचा डबा, आणि हातात फडकं. खिडकीजवळचा बाक पुसताहेत! निवृत्त होताना सगळ्या किल्ल्या परत केल्या, मागच्या दाराची तेवढी विसरले. विसरले म्हणे! उजाडायच्या आत घरातून निघून, दार उघडून येऊन बसलेले.

"ये," म्हणाले. "उशीर केलास."

"बाबा, चला. आधी खाली चला."

"बस."

"बाबा, ही इमारत उभी नाहीये, पडता पडता थांबलीय! भिंत कशी बोलतेय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ऐकतोय मी तिचं. बस."

"कुठं बसू?"

"कुठं म्हणजे? तुझ्या जागेवर."

आता सांगा, काय करणार? म्हाताऱ्याला उचलून न्यावं तर ओढाताणीत पायाखालचा मजला हलायचा. घण्यानं विचार केला, टेकतो क्षणभर, समाधान करतो आणि घेऊन जातो. बसायला गेला. बाक एका रांगत्या पोरासाठी धरून ठेवलेला आणि आता हा झालेला दरवाजाएवढा! पुढची फळी नि मागची पाठ एकाच लाकडात जोडलेली. पोट आत घेतलं, गुडघे वाकडे केले, श्वास सोडला आणि... बसला. फिट्ट!

भावोजी बघत राहिले. किती तरी वेळ नुसते बघत राहिले. खिडकीतून उजेड बरोबर त्या बाकावर. डोळे भरून आले म्हाताऱ्याचे. मग त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला, वरचं बटण लावलं आणि व्हरांड्याकडे निघाले.

"कुठं निघालात?"

"कुठं म्हणजे? तास सुरू करायला नको?"

घण्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घंटा! तीन टोले! "बाबा, नको! बाबा, थांबा, बाबाऽऽ!"

ठण्ण.

उठायला गेला, उठता येईना.

ठण्ण.

फळी पोटात रुतलेली.

ठण्ण!

मागे मशीनमध्ये ऑपरेटरनं हात पुसले आणि दांडा ओढला. त्याचं तरी काय चुकलं? रूळ तो रूळ, टोला तो टोला. सोंड वर गेली, जबडा उघडला, आणि जिना गेला. एका घासात! धडाड! सगळा मजला जिन्याकडे कलला, बाक घरंगळत भिंतीला जाऊन अडकला, घण्या त्यात पाचरीसारखा. फोन करावा तर फोन ट्रकमध्ये. ओरडावं तर ऐकणार कोण? भावोजी दारात परत आले, डोक्यावर चुना पडलेला, हातात हातोडी.

"बाबा, सुट्टीची द्या! सुट्टीची घंटा द्या!"

"सुट्टीची?" भावोजी चकित. "आत्ता? आत्ताच तर तास सुरू झाला."

"अहो, मशीन सुरू झालंय!"

"ते बाहेरचं बाहेर."

"बाबा, मरू आपण!"

"हे बघ, तास झाल्याशिवाय सुट्टी मी कधी कोणाला दिली नाही. प्राचार्यांचं लग्न होतं तेव्हा दिली नाही. तुझ्यापायी एकदा घंटा उशिरा झाली. आता तुझ्यापायीच लवकर देऊ?"

काय बोलायचं ह्याच्यावर? तुम्हीच सांगा! इकडे धाडकन खिडकी गेली. खिडकी होती तिथं नुसतं आभाळ, आणि त्या आभाळातून तो दातांचा जबडा हळूहळू आत येतोय, लोखंडाचा, मातीनं माखलेला...  त्याच्याच पैशांचं मशीन, त्याच्याच तोंडासमोर! आणि भावोजी? भावोजी त्या जबड्याकडे वळले आणि दरडावून म्हणाले, "कोण आहे रे तिकडे? तास चालू आहे!"

जबडा कशाचा ऐकतोय. वरची तुळई कडाडली. आणि तेव्हा, म्हणजे अगदी सगळं संपलं असं वाटलं तेव्हा, घण्याच्या तोंडून जे इतकी वर्षं निघालं नव्हतं ते निघालं. "बाबा, माझी सगळी माणसं तुमच्याच घंटेवर चालतात! तीन टोल्यांना सुरू होतात, सुट्टीच्या घंटेला थांबतात. मी... मी तुमची घंटा नेली, बाबा."

भावोजी जागच्या जागी थांबले. "माझी?"

"तुमची."

"कामावर?"

"रोज."

"आणि देतो कोण?"

"मीच देतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही."

आता इथं माणसानं पळावं ना! मजला खाली चाललाय, अर्धी भिंत हवेत आहे, आणि भावोजी दोन पावलं पुढे येऊन विचारतात, "दोन टोल्यांच्या मध्ये किती थांबतोस?"

"एक श्वास."

"घेऊन की सोडून?"

"घेऊन... आणि सोडून."

"हं," भावोजी म्हणाले. "बरोबर आहे."

आणि वळले, व्हरांड्यात गेले, आणि त्या म्हाताऱ्या हातानं जी सुट्टीची घंटा दिली... दणदण दणदण दणदण! गल्लीतली माणसं घराबाहेर आली, म्हणे, कॉलेज सुटलं वाटतं! जबडा घण्याच्या नाकासमोर थांबला. एवढा जवळ की त्याच्या श्वासानं दातावरची माती उडत होती.

उतरायला जिना नव्हताच. खाली आरडाओरड झाली, ऑपरेटरनं झाकणं काढली, वर बघितलं आणि पांढरा पडला. नंतर घण्यानं काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "मालक, तुम्हीच सांगितलंय, मध्ये डोकं चालवायचं नाही." शेवटी त्याच सोंडेच्या जबड्यात घालून दोघांना खाली घेतलं. घण्या बाकासकट! निघेचना तो! आणि शेजारी भावोजी उभे, ताठ, एका काखेत रुळाचा तुकडा, दुसऱ्या हातात डबा. खाली गर्दी. सगळे बघताहेत. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भावोजींचे पाय जमिनीला लागले, माणसांनी घण्याला बाकासकट उचललं, सगळे चार पावलं दूर गेले, आणि मागे तो वरचा मजला आपल्या आपण खाली बसला. कोणी हात लावला नव्हता. आवाज सुद्धा फार झाला नाही, नुसता... धप्प. भावोजींनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या मानेवर मात्र सरसरून काटा आलेला घण्यानं पाहिला.

मी आपला दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. म्हटलं, सुटलो बुवा, टळलं एकदाचं! म्हटलं, "भावोजी, आला की हो तुमचा तो दिवस! आला आणि गेला!"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. "कोणता? कालचा?" म्हणाले. "छे."

मी मागे वळून बघितलं, सवयीनं.

आता त्या घरी काय चाललंय ते सांगतो आणि तुम्हाला मोकळं करतो. व्हरांड्यात तो रुळाचा तुकडा टांगलाय. खाली तो बाक. पुढची फळी कापून पुढे सरकवलीय, मालकांचं पोट मावावं म्हणून. रोज सकाळी ठण्ण... ठण्ण... ठण्ण. आणि आमचा घण्या, ज्याच्या दारात चार ट्रक उभे असतात, ज्याचं नाव घेतल्यावर इमारती ढिल्या पडतात, तो अंघोळ करून, भांग पाडून येऊन बाकावर बसतो. भावोजी विचारतात, "कोणी आहे का?" हा म्हणतो, "हजर." पुढे काही नाही! भावोजींना लिहिता-वाचता येत नाही, ते शिकवणार काय? ते स्टुलावर बसतात, हा बाकावर, दोघंही गप्प समोर बघतात. बाहेर माणसं खोळंबलेली, फोन वाजतोय, सून दारातून खुणा करतेय. मग केव्हातरी म्हाताऱ्याचा डोळा लागतो, आणि हा एवढा मोठा गृहस्थ चपला हातात घेऊन, चवड्यांवर, मागच्या दारानं पळ काढतो. रोज! आणि रोज जाताना त्या दारात क्षणभर थांबून म्हाताऱ्याची छाती वरखाली होतेय ना, तेवढं बघून जातो. हल्ली जरा जास्तच वेळ बघतो, ताई म्हणते.

कारण सुट्टीची घंटा काही होत नाही. त्या दिवसानंतर एकदाही नाही. हातोडी मांडीवर घेऊन बसतात, पण देत नाहीत. परवा मला राहवेना. घण्यासाठी नाही, माझीच कंबर मोडली होती, आता गेलो की मलाही बसवतात! मी म्हटलं, "भावोजी, पुरे की आता. पोरगा नावारूपाला आला, केस पिकले त्याचे. सुट्टी कधी देणार?"

भावोजींनी हातोडी उचलली. रुळाकडे पाहिलं. पोराच्या पाठीकडे पाहिलं. मग हातोडी हळूच परत मांडीवर ठेवली आणि म्हणाले,

"एक दिवस येईल."